टर्फचं नंतर, आधी सोनं सोडवा

धाराशिव जिल्ह्यातल्या एका खो-खो प्रशिक्षक ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४, स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या. तालुक्याच्या गावी सरकारी योजनेतून चालणाऱ्या प्रशिक्षण केंद्रात त्या मुलींना शिकवतात. मानधन महिना २५,००० रुपये. यजमानांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, त्यातून सरासरी १६,००० घरी येतात. मुलगा नऊ वर्षांचा, सासूबाई सोबत, घरखर्च २४,०००. गेले आठ महिने मानधन आलेलं नाही. कार्यालयात विचारलं की ‘वरून निधी आलेला नाही’ एवढंच सांगतात. त्यांचा प्रश्न असा:

‘यजमानांचे चुलतभाऊ रस्त्याकडेच्या जागेत बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकत आहेत. एकूण खर्च १४ लाख. माझ्या नावावर मुद्रा योजनेतून ५ लाखांचं कर्ज काढून भागीदारी घ्यावी का? मानधन सुरू झालं की हप्ता निघेल, आणि पुढेमागे आम्हाला कायम करतीलच. सोनं सध्या पतसंस्थेत असल्यामुळे तारण द्यायला काही नाही, म्हणून मुद्रा.’

ताई, टर्फचं उत्तर लगेच देतो: घेऊ नका. दीरांनी मांडलेला हिशोब रोज आठ तास, तासाला ७०० रुपये, महिन्याचे तीस दिवस असा आहे. म्हणजे महिना १ लाख ६८ हजार. तालुक्याच्या गावात दुपारी बारा वाजता टर्फवर कोण खेळतं? संध्याकाळचे तीन तास जातील, भाव ५०० वर येईल, आणि पाऊस, परीक्षा, सुगी वजा केली तर महिन्याचे वीस दिवस धरा. ३०,००० झाले. वीज, राखणदार, जाळीची दुरुस्ती यांत १२,००० गेले की उरतात १८,०००. तुमचा वाटा साधारण ३६ टक्के, म्हणजे ६,४००. पाच लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी १०,९०० बसतो. दरमहा साडेचार हजार पदरचे घालायचे, आणि कर्ज फिटतं न फिटतं तोच टर्फचा कृत्रिम गवताचा गालिचा बदलायची वेळ येणार. शेजारी दुसरं टर्फ उभं राहिलं तर काय, हे मी धरलेलंच नाही.

आता मला जे बोलायचं आहे ते तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याबद्दल. सोनं पतसंस्थेत आहे, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मी उलट पत्र पाठवून विचारलं तेव्हा कळलं, की पाटल्या आणि गंठण ठेवून १२ टक्क्यांनी २ लाख उचलले आहेत. त्यातले ४८,००० विम्याच्या हप्त्याला गेले. ३५,००० मुलींना राज्य स्पर्धेला नेण्यात गेले: प्रवास, जेवण, आणि सराव मातीवर पण स्पर्धा मॅटवर, म्हणून बारा जणींचे मॅटवरचे बूट, जोडी ९०० रुपये. उरलेले घरखर्च, मुलाची फी आणि त्याच कर्जाचं व्याज यांत संपले.

खेळाडूंच्या बुटांचं मी नंतर बोलतो, आणि त्यावर मी तुम्हाला रागावणार नाही. पण बायकोचं सोनं गहाण टाकून ज्या पॉलिसीचा हप्ता भरला, ती पॉलिसी काय आहे हे घरातल्या कुणीतरी एकदा वाचायला हवं होतं.

तुम्ही पाठवलेला फोटो मी वाचला. २०२० साली घेतलेली, वीस वर्षं मुदतीची, ८ लाख विमा रकमेची. वर्षाला ४८,००० हप्ता, सहा हप्ते भरून झाले, म्हणजे २ लाख ८८ हजार. ‘विमाधारक’ या रकान्यात तुमच्या मुलाचं नाव आहे. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तीन वर्षांच्या मुलाच्या कमाईवर घर चालत नव्हतं, ताई. घर तुमच्या आणि यजमानांच्या कमाईवर चालतं, आणि तुमच्या दोघांचाही एक रुपयाचा विमा नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून घरी काही येणार नाही. उलट पुढचे चौदा हप्ते कोण भरणार, हा प्रश्न उभा राहील. पालकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ होण्याची जोड मिळते, तीही यात घेतलेली दिसत नाही.

दुसरं, एजंट म्हणाले ‘मुलाच्या उच्च शिक्षणाला २० लाख’. पॉलिसी संपते २०४० मध्ये. तेव्हा मुलगा तेवीस वर्षांचा असेल. फी भरायची वेळ येते अठराव्या वर्षी. आणि २० लाख कुठून आले ते मला सापडलं नाही. अशा पॉलिसींचा परतावा साधारण पाच-साडेपाच टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. त्या दराने वीस वर्षांनी साडेसतरा लाखांपर्यंत हात पोचतो, तोही बोनस आजच्यासारखा मिळत राहिला तर. हेच ४८,००० दरवर्षी पोस्टातल्या पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी टाकले असते तर २१ लाखांच्या वर जातात. पीपीएफ विकायला कुणी घरी येत नाही, कारण त्यात पहिल्या हप्त्यातलं घसघशीत कमिशन नाही. एजंट यजमानांचे मित्र आहेत, हे तुम्ही दोनदा लिहिलंत. मैत्री ठेवा. पण पॉलिसी ठेवायची की नाही, हा निर्णय मैत्रीवर घेऊ नका.

ही पॉलिसी बंद करा. पण आजच नाही. आधी तुमच्या नावावर ५० लाखांचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा. तुमच्या वयाला, तंबाखूचं व्यसन नसेल तर, वर्षाला सात-आठ हजारांत बसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे पूर्वीपेक्षा हलका पडेल. तो हातात आला की शाखेत जाऊन आजचं सरेंडर मूल्य, म्हणजे आज पॉलिसी बंद केली तर मिळणारी रक्कम, लेखी मागा. तोंडी आकडा ऐकून परत येऊ नका. सहा हप्त्यांनंतर निम्मे पैसे तर मिळतातच. विशेष सरेंडर मूल्य बहुधा त्याहून जास्त असतं, मी १ लाख ८० हजार धरतो. एजंट सांगतील, ‘बंद करू नका, पेड-अप करा’, म्हणजे हप्ते थांबवा आणि पॉलिसी मुदत संपेपर्यंत तशीच ठेवा. पेड-अप केली तर विमा रक्कम सहा-विसांश होते, २ लाख ४० हजार. जमलेला बोनस मिळवून २०४० मध्ये चार-सव्वाचार लाख. आजच्या १ लाख ८० हजारांवर ही वाढ सहा टक्क्यांच्या आसपास पडते. इकडे पतसंस्थेला तुम्ही बारा टक्के भरत आहात. म्हणून सरेंडर, आणि पैसे थेट सोन्याच्या कर्जात. कर्ज २० हजारांवर येतं. महिन्याचं १,८०० व्याज वाचतं, ४,००० चा हप्ता वाचतो. एकूण ५,८००. टर्फमधून तुमच्या वाट्याला ६,४०० येणार होते, तेही १०,९०० चा हप्ता भरून.

तुमच्या पासबुकाच्या पानांवर मला आणखी एक गोष्ट दिसली, ती तुम्ही कुठेच लिहिलेली नाही. मानधन २५,०००, पण जमा होतात २२,५००. १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे कागदोपत्री तुम्ही नोकरदार नाही, व्यावसायिक आहात. खेळाडू, पंच, प्रशिक्षक यांच्या शुल्काला हाच नियम लागतो. गेल्या तीन वर्षांत तुम्हाला २७ महिन्यांचं मानधन मिळालं, म्हणजे ६७,५०० रुपये तुमच्या पॅनवर आयकर खात्यात जमा असायला हवेत. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली आहे. हे सगळे पैसे परत मिळण्यासारखे आहेत, आणि तुम्ही एकदाही रिटर्न भरलेलं नाही. ‘आपल्याला कर लागत नाही तर रिटर्न कशाला’ हे ज्यांनी सांगितलं त्यांनी तुमचं मोठं नुकसान केलं. आधी फॉर्म २६एएस काढून कापलेला कर खरंच जमा झाला आहे का ते बघा. कापला पण भरला नाही, असंही घडतं. मग तालुक्यातल्या करसल्लागाराकडे जा. चालू रिटर्न मुदतीत भरा. मागच्या वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो, पाच वर्षांपर्यंत मागे जाता येतं. मंजुरी त्यांच्या हातात आहे, म्हणून आलेले पैसे येतील तेव्हाच मोजा. पण अर्ज या महिन्यातच करा. टर्म विम्याला उत्पन्नाचा पुरावा लागतो, तिथेही हेच रिटर्न उपयोगी पडेल.

आता मूळ गोष्टीकडे. तुम्ही घराचं सगळं गणित २५,००० वर मांडलंत. विम्याचा हप्ता त्याच आकड्यावर ठरवला, आता टर्फचा हप्ताही त्याच आकड्यावर ठरवत आहात. पासबुक वेगळं सांगतं. ३६ महिन्यांचे ९ लाख व्हायला हवे होते, आले ६ लाख ७५ हजार. आठ महिने अडकले आहेत आणि एक महिना मार्चअखेर निधी परत गेल्याने बुडालाच. म्हणजे महिन्याला १८,७५० पडले. टीडीएस वजा जाता १७,००० च्या आत. तुमचं खरं उत्पन्न हे आहे.

आणि हे एका कार्यालयाच्या दिरंगाईपुरतं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेचे अर्थसंकल्पातले आकडे बघा. २०२०-२१ ला ८९० कोटी ठेवले, कोविडमध्ये सुधारित अंदाजात, म्हणजे वर्ष सरत असताना बदललेल्या तरतुदीत, ३२९ कोटी झाले. २०२३-२४ ला १,०४५ कोटी जाहीर झाले, सुधारित अंदाज ८८०. २०२४-२५ ला ९००, सुधारित ८००. २०२५-२६ ला पुन्हा १,०००. फेब्रुवारीत पेपरात मोठा आकडा छापून येतो, आणि कात्री पुढच्या हिवाळ्यात शांतपणे लागते. तेव्हा स्पर्धा जाहीर झालेल्या असतात, बांधकामांचे करार झालेले असतात. ते थांबवता येत नाहीत. थांबवता येतं ते मानधन. कारण प्रशिक्षकाचा पैसा वेतनाच्या शीर्षात बसतच नाही. तो अनुदानात बसतो, साहित्य आणि स्पर्धाखर्च यांच्या शेजारी. त्यात मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, वर पोचलं नसेल तर पुढचा हप्ता सुटत नाही. तुमच्या केंद्रातल्या कुणाची तरी सही राहिली म्हणून आठ घरं अडकतात, असंही होतं.

आपल्या राज्यात तालुका क्रीडा संकुलाच्या बांधकामाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटींवर नेली. संकुलं व्हायलाच हवीत. पण त्या संकुलात सकाळी साडेपाचला शिट्टी वाजवणाऱ्या बाईचे वर्षाचे तीन लाख कुणाच्याही खात्यात पक्के नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. तुमच्याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. अशी मुलगी घडायला दहा वर्षं लागतात, आणि ती दहा वर्षं कुणीतरी मानधनाची वाट बघत मैदानावर उभं असतं.

पण माझा राग तुमच्या खात्यात जमा होत नाही. ‘कायम करतीलच’ या आशेवर एकही रुपया कर्ज काढू नका. उमादेवी खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की कंत्राटी किंवा तात्पुरत्या कामामुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही. डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात न्यायालयाने वर्षानुवर्षं राबवून घेणाऱ्या खात्यांना फटकारलं, त्या निकालाचा लोकांना उपयोगही होतो आहे. मात्र तुमच्या नियुक्तिपत्रावर काय लिहिलं आहे ते वाचा: ‘सदर नियुक्ती एक वर्षाकरिता, निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून.’ मंजूर पद नाही, योजनेचं काम आहे. कोर्टात जायचं तर जा, संघटनेसोबत जा, पण घर त्या तारखेवर चालवू नका. त्यापेक्षा खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण तुमच्यासाठी जास्त खरं आहे. तुमच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राची पडताळणी झाली आहे का? नसेल तर विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे अर्ज टाका आणि जाहिरातीतली वयाची अट बघत राहा. त्यात खेळाडूंना सवलत असते.

अडकलेल्या दोन लाखांसाठी दर महिन्याला लेखी मागणी द्या, पोच घ्या. हजेरीपत्रकाची प्रत स्वतःकडे ठेवा, आत्ता काम चालू असतानाच. केंद्र बंद पडल्यावर कागद मिळत नाहीत. माहिती अधिकारात दहा रुपये भरून दोन गोष्टी विचारा: मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या तारखेला गेलं, आणि पुढच्या निधीची मागणी कोणत्या तारखेला केली. या दोन तारखा कळल्या की पैसा तालुक्यात अडला आहे, पुण्यात की दिल्लीत, ते समजेल आणि तुम्ही नेमक्या टेबलाशी बोलाल.

आता मुलींच्या खर्चाचं. तुम्ही लिहिलंत, ‘त्यांना नेलं नसतं तर वर्षभराची मेहनत वाया गेली असती.’ मला पटतं. पण दरवर्षी ३५,००० तुमच्या सोन्यातून जाणार असतील, तर तिसऱ्या वर्षी तुम्हीच मैदानावर नसाल, दुसरीकडे काम शोधत असाल. म्हणून वर्षाला स्वतःचे जास्तीत जास्त पाच हजार, असं ठरवा, आणि ते वेगळ्या पाकिटात ठेवा. बाकीच्यासाठी मैदानावरच्या पालकांना घेऊन मंडळ नोंदवा. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणाला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी ठेवलेला निधी देता येतो, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण तो निधी नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो, तुमच्या वैयक्तिक खात्यात कधीच येणार नाही. नोंदणी, पॅन, हिशोब तपासणी आणि संस्थेच्या कामाचा अनुभव दाखवणं यांत काही वर्षं जातील. जाऊ द्या, पण सुरुवात करा.

आणि फी घ्या. तुम्हाला ते खेळ विकणं वाटतं, मला तसं वाटत नाही. केंद्रातल्या मुलींकडून घेऊच नका, तो तुमचा शब्द आहे आणि बहुधा योजनेचा नियमही. पण गावातल्या डॉक्टर, व्यापारी, शिक्षकांची मुलं सुट्टीत क्रिकेटच्या शिबिराला तीन-तीन हजार देतात. संध्याकाळी तासभर फिटनेस आणि धावण्याची बॅच घ्या. २५ मुलं, महिना ४०० रुपये, म्हणजे १०,०००. भांडवल लागतं शंकू, दोरी आणि एक शिट्टी, जे तुमच्याकडे आहे. नियुक्तिपत्रात खासगी शिकवणीला मनाई नाही, हे मी पाहिलं. मैदानाची परवानगी मात्र लेखी घ्या, नाहीतर शाळेचं मैदान वापरा. पाच लाखांचं टर्फ ६,४०० देणार होतं. ही बॅच अर्धी भरली तरी ५,००० देते.

तुमचं शरीर हेच तुमचं दुकान आहे. सूर कसा मारायचा हे चाळिशीतही तुम्हाला करूनच दाखवावं लागणार. गुडघा गेला तर मानधनही जातं आणि बॅचही. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण देतो, जीवन ज्योती ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विमा संरक्षण. दोन्ही दोघांच्या बँक खात्यांवर या आठवड्यात सुरू करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, त्याचं कार्ड सासूबाईंसकट सगळ्यांचं काढून ठेवा. यजमानांचा २५ लाखांचा टर्म विमा घडी बसल्यावर घ्या, पण एक वर्षाच्या आत.

थकलेलं मानधन आलं की काय करायचं, तेही आत्ताच ठरवा, कारण एकदम पावणेदोन लाख हातात आले की टर्फवाले दीर पुन्हा घरी येतील. टीडीएस वजा जाता १ लाख ८० हजार येतील. त्यातून आधी सोन्याचे उरलेले २० हजार फेडून पाटल्या आणि गंठण घरी आणा. उरलेले १ लाख ६० हजार वेगळ्या बँकेतल्या वेगळ्या खात्यात ठेवा, ज्याचं कार्ड तुमच्या पर्समध्ये नसेल. यापुढे मानधन त्या खात्यात जमा करा आणि तिथून घराला महिना १५,००० द्या, मानधन आलं तरी तेवढेच, नाही आलं तरी तेवढेच. यजमानांचे १६,००० मिळून ३१,००० होतात. २४,००० घरखर्च, हजारभर विम्याला, आणि सहा हजार हातात. ते पहिलं वर्ष त्याच खात्यात परत टाका. नंतर त्यातले दोन हजार दरमहा मुलाच्या नावाने इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंतच्या आठ वर्षांत दहा टक्के धरले तर तीन लाखांच्या आसपास होतात. हमी नाही, कमीही होऊ शकतात. पण हे पैसे अठराव्या वर्षी मिळतील, तेविसाव्या नाही.

पुढचा हप्ता कधी देय आहे, ते पॉलिसीवर बघून कळवा. त्या तारखेच्या आधी टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी उरकायला हवी, म्हणजे सातवा हप्ता भरावा लागणार नाही. आणि दीरांना नकार देताना कारण हवं असेल, तर वरचा टर्फचा हिशोब त्यांना वाचून दाखवा. त्यांचेही ९ लाख त्यात जाणार आहेत.